पहिल्या हिवाळी फेरीला निघताना

दादा, वहिनींना घेऊन कॅम्पर व्हॅननं निघताय, फार छान वाटलं. आम्ही दोघं पाच हिवाळे असेच फिरलो. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. सध्या गाळप हंगाम सुरू आहे, उसाच्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्याविना चालतात. पहिल्याच वर्षी बीडच्या वाटेवर आम्ही थोडक्यात वाचलो, तेव्हापासून सूर्यास्तानंतर गाडी हलवत नाही.
- वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.
- गाडीची उंची आणि रुंदी फुटात लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. दौलताबादच्या रस्त्यावरचा जुना दरवाजा अरुंद आहे.
- थंडी कितीही वाजो, गाडीत शेगडी पेटवून झोपू नका. तिच्या विषारी वायूनं झोपेतच जीव जाऊ शकतो. गोधड्या जास्त घ्या.

नवखे लोक आठ दिवसांत पैठण, औंढा, अंबाजोगाई, तुळजापूर सगळं उरकू पाहतात आणि थकून परततात. एका ठिकाणी दोन रात्री राहा. शेतकऱ्याला विचारूनच शेतात गाडी लावा, हुरड्याचे दिवस आहेत, आग्रहानं बसवतील. सोलर, जादा बॅटरी पुढच्या वर्षी बघू. आधी पैठणपर्यंत जाऊन या, मग कळवा.