आठ महिन्यांनी पुन्हा केस उपटले, म्हणजे सगळं पाण्यात गेलं का?

वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते. आठ महिने हात डोक्याकडे गेला नाही आणि परवा सीएचा अभ्यास करताना एका रात्रीत टाळूवर रुपयाएवढा चट्टा पडला. 'आता परत शून्यापासून का?' असं विचारलं आहेस. नाही गं. हात निघाला की ओळखायला तू शिकलीस, ते एका रात्रीत पुसलं जात नाही.

मी बाराव्या वर्षापासून केस उपटत आले, आज एक्केचाळीसची आहे. ट्रायकोटिलोमेनिया हे केस उपटण्याच्या या विकाराचं नाव डॉक्टरांकडून ऐकलं तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. आलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८८९ मध्येच हे नाव दिलं होतं, हे कळलं तेव्हा मी रडले. इतकी वर्षं मी त्याला माझा नाकर्तेपणा समजत होते. हळदीकुंकवाला कोणी 'तेल लावत नाहीस का गं?' म्हणालं की पदर डोक्यावर ओढून घ्यायचे.

माझी सगळ्यात मोठी घसरण चौदा महिन्यांनंतरची. त्या संध्याकाळी फार तर वीस केस गेले असतील. खरं नुकसान पुढच्या तीन आठवड्यांत झालं, कारण 'आता गेलंच आहे, तर जाऊ दे' हे मनाने धरलं. म्हणून आता नियम एकच: हात गेला, तर त्याच रात्री काहीतरी करायचं. अंगठा आणि तर्जनीला चिकटपट्टी लावते. कुठे बसले होते, किती वाजले होते, आधी काय झालं, हे वहीत तीन ओळींत लिहिते. मग ताईला 'आज गेला हात' एवढाच निरोप. ती फक्त 'जेवलीस का?' विचारते. तेवढ्याने पुष्कळ होतं.

वहीमुळेच कळलं की माझे प्रकार दोन आहेत. वाचताना नकळत हात जातो, तो एक. आरशासमोर जाडसर, खरखरीत केस शोधून काढते, तो दुसरा. दुसऱ्यासाठी न्हाणीघरातला पांढरा दिवा बदलला आणि चिमटा घरातून काढला. पहिल्यासाठी एझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत: ओढ जाणवली की मिनिटभर तरी मूठ घट्ट मिटायची किंवा हाताला दुसरं काम द्यायचं. मी वाती वळते. कापसाला पीळ देताना बोटांना हवं ते मिळतं. वालाचं बिरडं सोलायला मिळालं, तर आणखी छान!

माझी चूक सांगते. तिसऱ्या महिन्यात 'बरी झाले' म्हणून वही बंद केली होती. आता चांगल्या महिन्यांतही रविवारी दहा मिनिटं लिहिते. मार्चएंड आणि पाळीच्या आधीचे दिवस जड जातात, म्हणून वातींचा डबा आधीच टेबलावर ठेवते.

एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या औषधाबद्दल विचारलंस. २००९ च्या चाचणीत प्रौढांना फायदा दिसला, पुढे मुलांवरच्या चाचणीत दिसला नाही. स्वतःहून सुरू करू नकोस, मानसोपचारतज्ज्ञांशी बोल. केस गिळले जात असतील तर तेही त्यांना सांग. पोटात केसांचा गोळा होऊ शकतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जवळपास कोणी नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आईला आज एवढंच सांग, की 'हात आवर' म्हणण्याऐवजी शेजारी येऊन बस. आणि उद्या पुस्तक उघडण्याआधी बघ, तुझा कुठला हात जातो, डावा की उजवा? पेन त्या हातात असतं का? मला कळव.