कादंबरी संपादकाकडे देण्याआधी

पहिला खर्डा संपला त्या दिवशीच संपादक शोधायला निघू नका. महिनाभर बाड कपाटात ठेवा, मग मोठ्याने वाचा. निम्म्या चुका तुमच्याच कानाला टोचतील आणि तेवढे पैसे वाचतील.

मग ठरवा, हवंय काय. मुद्रितशोधन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, साहित्य महामंडळाच्या १८ नियमांप्रमाणे लेखन तपासणं. संपादन वेगळं: निवेदक मध्येच का बदलला, तिसऱ्या प्रकरणातली आत्या पुढे कुठे गेली, हे विचारणं. माझा पहिल्या वेळी इथेच घोळ झाला. पैसे मोजले संपादनाचे, हाती आल्या फक्त सुधारलेल्या वेलांट्या. (चूक माझीच, आधी विचारलंच नव्हतं.)

म्हणून दहा पानं नमुन्याला द्या. दर शब्दावर की पानावर, किती फेऱ्या, हे लेखी घ्या. प्रकाशनाची हमी देणाऱ्याला दुरूनच नमस्कार करा.

आणि पात्रांची बोली! मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद कुणी 'शुद्ध' करून परत पाठवले, तर तिथेच थांबा. मौज प्रकाशन गृहाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन ओळखले जायचे ते लेखकाशी चर्चा करून त्याच्याकडूनच पुनर्लेखन करून घेण्यासाठी. नमुन्याच्या पानांच्या समासात प्रश्न किती आलेत, ते आधी मोजा.