बजेट दर महिन्याला मोडतं, म्हणजे आमच्यातच शिस्त नाही का?

"आम्ही काही उधळे नाही हो, मॅडम. तरी वीस तारीख उलटली की ओढाताण सुरू. दर महिन्याला बजेट करतो आणि दर महिन्याला ते मोडतं. आमच्यातच शिस्त नाही का?"

घरखर्चाच्या नियोजनाचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेलं हे जोडपं. दोघंही कमावते, एक शाळेत जाणारी मुलगी, व्यसन नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खरं तर पैशांपेक्षा महिनाअखेरीच्या भांडणांनी ते जास्त थकले होते. तिचं म्हणणं, हा न सांगता खर्च करतो. त्याचं म्हणणं, ही प्रत्येक गोष्टीचा जाब विचारते. असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपलं काहीतरी चुकतंय याची लाज वाटत असते. ते वही दाखवायलासुद्धा कचरतात.

यांची वही मात्र अगदी नीटनेटकी होती. डावीकडे खर्चाची बाब, उजवीकडे आकडा, आणि सगळे आकडे शून्यावर संपणारे. असे गोल आकडे दिसले की ते अंदाजाने लिहिलेत हे मी ओळखते. सर्वांत खाली 'इतर', आणि त्यापुढे एकूण खर्चाच्या जेमतेम 5 टक्के. मी दोघांना मागच्या 12 महिन्यांची बँकेची आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट आणायला सांगितली.

पुढच्या भेटीत आम्ही ती ओळ न् ओळ तपासली. 'इतर' 22 टक्क्यांवर गेलं होतं. विम्याचा वार्षिक हप्ता, शाळेची सहामाही फी, गाडीचे टायर, दाताचं रूट कॅनाल, बंद पडलेला फ्रिज.

"हे सगळं अचानक आलं," तो म्हणाला.

"फी कुठे अचानक येते? दर सहा महिन्यांनी येतेच की," ती म्हणाली, आणि मग स्वतःच गप्प झाली. वहीत फीचा रकाना तिनेही केला नव्हता.

त्यांनी बजेट केलं होतं ते काहीच न घडणाऱ्या महिन्याचं, आणि तसा महिना वर्षभरात एकही आला नव्हता. यात शिस्तीचा प्रश्न फारसा नसतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच दाखवून दिलं होतं की, माणूस पुढचा अंदाज बांधताना सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो आणि मागचा अनुभव बाजूला ठेवतो. म्हणून मी बजेटची सुरुवात कोऱ्या पानापासून करू देत नाही, जुन्या स्टेटमेंटपासून करायला लावते.

आणखी एक चूक फार लोक करतात. आठवड्याचा किराणा-भाजीचा खर्च काढून त्याला चारने गुणतात. पण वर्षात 52 आठवडे असतात, 48 नव्हेत. चार आठवड्यांचा खर्च हिशेबाबाहेरच राहतो. यांचंही तेच झालं होतं. तूट कार्डावर टाकायची आणि बिलाची फक्त किमान रक्कम भरायची, हा मार्ग त्यांनी धरला होता. दरमहा 3 टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला 42.5 टक्क्यांच्या वर जातं. कार्ड वापरणं आम्ही त्याच दिवशी थांबवलं.

वर्षातून एकदोनदा येणाऱ्या खर्चांची बेरीज करून 12 ने भागली. तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात जाईल, असं ठरलं. मात्र फी दोन महिन्यांवर आली असेल तर ती 12 ने भागून चालत नाही, दोननेच भागावी लागते. पहिलं वर्ष त्यामुळे जड जातं, आणि बरेच जण तिथेच हात टेकतात. हे मी आधीच सांगून ठेवते.

एवढे पैसे आणायचे कुठून? बाहेरचं खाणं पूर्ण बंद, असं दोघांनी जोशात लिहून आणलं होतं. मी ते खोडलं. वर्षभर ज्या गोष्टीवर खर्च होत आलाय, तिथे एकदम शून्य लिहिणं म्हणजे पुढच्या महिन्यातलं भांडण आजच लिहून ठेवणं. आम्ही तो खर्च निम्म्यावर आणला. शिवाय दोघांनाही सारखी, छोटी रक्कम दिली, जिचा हिशेब एकमेकांना द्यायचा नाही. ती सुरुवातीला कुरकुरली, "पैसे कमी पडतायत आणि वर ही चैन कशाला?" माझ्या मते सगळ्या योजनेत हीच रक्कम सर्वांत कामाची होती.

तिसऱ्या महिन्यातही किराणा अंदाजाच्या वर गेला. या वेळी त्यांनी कुणामुळे ते शोधत न बसता आकडा वाढवला आणि कपड्यांचा तेवढाच कमी केला. कार्डाची थकबाकी फिटायला अजून सात-आठ महिने लागतील. विम्याचा हप्ता मात्र यंदा वेगळ्या खात्यातून भरला गेला.