‘डेट’मधला मुका ‘बी’

प्रश्न : इंग्रजीतील निम्म्याहून अधिक शब्दांचे मूळ लॅटिनमध्ये सापडते, असे वाचले. मग इंग्रजीला लॅटिनची कन्या का मानत नाहीत? शिवाय कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ या शब्दात ‘बी’ हे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. त्याचाही लॅटिनशी काही संबंध आहे का?

उत्तर : भाषेचे कुळ शब्दांच्या संख्येवरून ठरत नाही. ते ठरते व्याकरणाच्या सांगाड्यावरून आणि घरीदारी लागणाऱ्या अगदी मूलभूत शब्दांवरून. ‘मदर’, ‘हँड’, ‘वॉटर’, ‘ईट’ यांसारखे शब्द आणि ‘अँड’, ‘ऑफ’ यांसारखी अव्यये जर्मॅनिक, म्हणजे जर्मन, डच इत्यादी भाषांच्या, कुळातली आहेत, म्हणून इंग्रजीही त्याच कुळातली ठरते. लॅटिनचे शब्द तिने उसने घेतले, आणि तेही वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या वाटांनी.

यांतले सर्वांत जुने शब्द आता परके वाटतच नाहीत. ‘स्ट्रीट’ हा शब्द फरसबंद रस्त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्ट्राटा’पासून आला, तर ‘माइल’च्या मुळाशी ‘मिल्ले पास्सुस’, म्हणजे रोमन मोजणीतली एक हजार दुहेरी पावले, आहेत. पुढे ख्रिस्ती धर्माबरोबर ‘कँडल’सारखे शब्द आले. मोठी भर मात्र 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, फ्रेंचच्या वाटेने पडली. फ्रेंच ही स्वतः लॅटिनचीच लेक असल्यामुळे ते शब्द तिच्या तोंडी झिजून, रूप बदलून इंग्रजीत पोहोचले. नंतर, विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात, विद्वानांनी लॅटिन ग्रंथांतून थेट शब्द उचलायला सुरुवात केली, तेव्हा पूर्वी आलेलेच काही शब्द नव्या वेशात पुन्हा आले. ठिसूळ या अर्थाच्या ‘फ्राजिलिस’पासून आधी ‘फ्रेल’ आणि नंतर ‘फ्रॅजाइल’ असे दोन शब्द मिळाले. ‘सेकुरुस’पासून ‘शुअर’ आणि ‘सिक्युअर’. मराठीत जसे तद्भव ‘काम’ आणि तत्सम ‘कर्म’ अर्थाची वाटणी करून शेजारी नांदतात, तसेच हे आहे.

तुमच्या ‘बी’चे उत्तर याच ग्रंथप्रेमात आहे. फ्रेंचमधून आलेल्या मूळ शब्दात, ‘देत्त’मध्ये, ते अक्षर नव्हते आणि मध्ययुगीन इंग्रजीतही त्यावाचून काही अडत नव्हते. लॅटिनमधला ‘देबितुम’ डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या पंडितांनी शब्दाचे कुळ दिसावे म्हणून ते लेखनात घातले. बोलणाऱ्यांनी उच्चार मात्र बदलला नाही. ‘डाउट’मधल्या ‘बी’ची आणि ‘रिसीट’मधल्या ‘पी’ची हकिकत हीच आहे. मला या साऱ्यांत अधिक उद्बोधक वाटतो तो ‘आयलंड’ हा शब्द. तो अस्सल जर्मॅनिक आहे. लॅटिन ‘इन्सुला’पासून निघालेल्या ‘आइल’ या शब्दाशी त्याचे नाते नाही. तरीही दोन्ही सारखेच दिसतात म्हणून त्यात ‘एस’ हे अक्षर शिरले आणि कायमचे राहिले.

त्यामुळे व्युत्पत्ती पाहताना शब्दकोशात केवळ ‘लॅटिन’ एवढे वाचून थांबू नये. शब्द कोणत्या भाषेतून, कोणत्या काळात आला, हेही पाहावे. ‘सॅलरी’ची व्युत्पत्ती ‘साल’ म्हणजे मिठापर्यंत जाते, हे खरे. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मिळे, या लोकप्रिय कथेला प्राचीन पुराव्याचा आधार नाही. त्यांचे वेतन नाण्यांत दिले जाई.