बाण बंद केला, आता जायचं कुठे?

ओपन-वर्ल्ड फँटसी आरपीजी, म्हणजे मोकळ्या काल्पनिक जगात एक पात्र घेऊन फिरायचे व्हिडिओ गेम, खेळणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. क्वेस्ट मार्कर, म्हणजे खेळातल्या कामाची (क्वेस्टची) जागा दाखवणारा बाण, चालू ठेवला की नजर त्या बाणावरून हलत नाही आणि बंद केला की खेळ पुढे सरकत नाही. त्यातले काही निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं.

प्रश्न : स्कायरिम कित्येक महिने खेळतोय, पण व्हाइटरनहून रिफ्टनला कोणत्या रस्त्याने जातात असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. कायम वरच्या कंपासकडे, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या पट्टीकडे, बघत चाललो. म्हणून सगळे मार्कर बंद केले, तर दुसऱ्याच क्वेस्टमध्ये अडकलो. माझं काय चुकतंय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. स्कायरिम (२०११) बनवतानाच पडद्यावर बाण असणार हे धरलेलं आहे. त्यामुळे बरीच पात्रं नुसतं ठिकाणाचं नाव घेतात, दिशा सांगायचं काम बाणावर सोडतात. त्यात ‘रेडियंट’ क्वेस्टची भर. तिथे गुहा किंवा किल्ला खेळ ऐन वेळी निवडतो आणि संवाद तर आधीच रेकॉर्ड झालेला असतो. मग ‘पुलापासून डावीकडे वळ’ हे त्यात येणार कुठून? अशा क्वेस्टसाठी मार्कर ठेवावाच लागतो, त्यात कमीपणा नाही.

याच खेळातलं उलट उदाहरण रिव्हरवूडमधल्या सोन्याच्या पंजाचं. दुकानदार लुकान व्हॅलेरियसची बहीण कॅमिला तुमच्याबरोबर पुलापर्यंत चालत येते आणि ब्लीक फॉल्स बॅरोची वाट दाखवते. गावात उभं राहून मान वर केली, तर त्या थडग्याच्या कमानी डोंगरावर दिसतातही. आत पोहोचल्यावर तीन कड्यांचं दार लागतं आणि त्याचं उत्तर तुमच्याच पिशवीत असतं. सामानाच्या यादीत पंजा निवडायचा, जवळ घ्यायचा, फिरवून तळवा समोर आणायचा. तिथे अस्वल, पंख पसरलेला पतंग आणि घुबड अशी तीन चित्रं कोरलेली आहेत. दाराची कडी बाहेरून आत त्याच क्रमाने लावा आणि मग पंजा मधल्या खाचेत बसवा. इथे बाण नसला तरी काहीच अडत नाही, कारण लागणारी सगळी माहिती खेळाने डोळ्यांसमोर ठेवली आहे.

तेव्हा मार्कर बंद करण्याआधी प्रत्येक क्वेस्टला तीन गोष्टी विचारा. ठिकाणाचं नाव कळलं का? दिशा किंवा रस्ता कळला का? जवळ गेल्यावर ओळखायची खूण कळली का? तीनपैकी दोन उत्तरं मिळत असतील तर बाणाशिवाय निघा. नाहीतर नकाशावर एकदा जागा बघून घ्या आणि मग निघा.

हे ‘नकाशावर बघायचं, पडद्यावर नाही’ जमवायची सोपी रीत जर्नलमध्येच, म्हणजे खेळातल्या कामांच्या नोंदवहीतच, आहे. क्वेस्टच्या यादीत एकेक नाव निवडून निष्क्रिय करा, म्हणजे तिचा मार्कर जातो. किरकोळ कामांची यादी शेवटी असते, ती विसरू नका. वाट चुकली की ती एक क्वेस्ट सक्रिय करायची, नकाशा उघडायचा, जवळचं गाव, नदी आणि रस्त्याचा फाटा लक्षात ठेवायचा आणि क्वेस्ट पुन्हा निष्क्रिय करायची. हवेत तरंगणारा बाण तेवढा खटकत असेल, तर सेटिंग्जमध्ये फ्लोटिंग मार्करसाठी वेगळा पर्याय आहे. एचयूडीची, म्हणजे पडद्यावरच्या सगळ्या माहितीपट्ट्यांची, अपारदर्शकता कमी करण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. कंपासबरोबर आरोग्य आणि जादूच्या पट्ट्याही फिक्या होतात आणि लढाईत फजिती होते.

पीसीवर कंपासच काढायचा असेल, तर डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरात स्कायरिमची ‘प्रेफ्स’ नावाची आयएनआय (सेटिंग्जची) फाइल असते. तिची आधी एक प्रत बाजूला ठेवा. ‘इंटरफेस’ विभागात कंपास दाखवण्याची ओळ आहे आणि ‘गेमप्ले’ विभागात क्वेस्ट मार्करची. तिथे १ च्या जागी ० करायचं.

क्लेअरव्हॉयन्स हा नवशिक्या पातळीचा मंत्र जमिनीवर वाट उमटवतो. मंत्र चालू असेपर्यंतच ती दिसते आणि तेवढा वेळ मॅजिका, म्हणजे जादूची शक्ती, खर्च होत राहतो, म्हणून आम्हाला तो बाणापेक्षा बरा वाटतो. फक्त एकही क्वेस्ट सक्रिय नसेल तर तो दाखवणार काय? मंत्र बिघडला, असं वाटायचं कारण बहुतेक हेच असतं.

मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या, चालत असतील तर दोन घ्या. ‘ईव्हन बेटर क्वेस्ट ऑब्जेक्टिव्ह्ज’ ही जर्नलमधल्या उद्दिष्टांत दिशा आणि खुणा घालते. ‘अ क्वालिटी वर्ल्ड मॅप’ नकाशावर रस्ते स्पष्ट दाखवते. मूळ नकाशात ते नीट दिसत नाहीत. पहिलीबाबत एक सावधगिरी. तीच क्वेस्ट बदलणारी दुसरी मॉड तुमच्याकडे असेल, तर जी नंतर लोड होते तिचाच मजकूर दिसतो. दिशा दिसत नसतील तर लोड ऑर्डर (मॉड लोड होण्याचा क्रम) तपासा आणि जोडणारा पॅच आहे का बघा.

प्रश्न : एल्डन रिंगमध्ये जर्नलच नाही. कोण कुठे भेटलं होतं तेच आठवत नाही. मिस्टवूडमध्ये लांडग्याची आरोळी ऐकू येते, पण तिथे कुणीच दिसत नाही. शिवाय एक पात्र परत गेलो तेव्हा गायबच झालं होतं. गाइड न उघडता हे खेळता येतं का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : बऱ्याच अंशी येतं, पण वही लागते. हा खेळ (२०२२) क्वेस्टची नोंद ठेवत नाही. मार्च २०२२ मधल्या १.०३ पॅचनंतर भेटलेल्या पात्रांची चिन्हं आणि नावं नकाशावर येऊ लागली. त्यामुळे ‘कुठे’ हे कळतं, ‘का’ हे कळत नाही. वहीत प्रत्येक पात्रासाठी एक ओळ ठेवा : कोण, कुठल्या ग्रेसजवळ (विश्रांती घ्यायच्या जागेजवळ), आणि त्याने शेवटी कुठल्या जागेचं किंवा माणसाचं नाव घेतलं. तिसरी नोंदच पुढे कामाला येते.

तुमची आरोळी हे याचं नेमकं उदाहरण आहे. मिस्टवूडच्या पडक्या इमारतीवर ब्लाइड हा लांडग्यासारखा योद्धा बसलेला असतो. आरोळी ऐकल्यावर चर्च ऑफ एलेहमधल्या काले या व्यापाऱ्याशी बोलायला जा. तो त्या आवाजाबद्दल सांगतो आणि चुटकी वाजवण्याची जेश्चर, म्हणजे हाताची खूण, देतो. पडक्या इमारतीखाली उभं राहून ती वापरली की ब्लाइड खाली उडी मारतो. खेळ सुरू केल्यावर भेटणारा हा पहिलाच व्यापारी, त्याच्याकडे माणसं परत जात नाहीत आणि धागा तिथेच तुटतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकदा बोलून निघून जाणं. पात्र तेच वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत बोलत राहा. मग जवळच्या ग्रेसवर विश्रांती घ्या आणि परत या. अनेक पात्रं विश्रांतीनंतरच पुढचं बोलतात किंवा जागा बदलतात. रॅनी या जादूगारिणीच्या मनोऱ्यात तिच्याशी बोलणं झालं की खाली ब्लाइड, इजी आणि सेलुविस यांच्या छाया उभ्या असतात. तिघांशीही बोलून वर परत जायचं. एकाला वगळलंत तर गोष्ट तिथेच थांबते. पुढे राडान या बॉसला, म्हणजे मोठ्या शत्रूला, हरवल्यावर आकाशातून तारा कोसळतो आणि लिमग्रेव्हमध्ये मिस्टवूडच्या भागात जमिनीला भगदाड पडतं. नोक्रॉन या भूमिगत शहराला जायची वाट तीच. तो प्रसंग ‘स्किप’ करू नका, क्वेस्टची पुढची दिशा त्यातच आहे.

गायब झालेल्या पात्राचं म्हणाल, तर काही धागे खेळाच्या मोठ्या घटनांनी बंद होतात. मालिकेथ हा बॉस हरला की लेंडेल ही राजधानी कायमची बदलते. तिथलं जे काम असेल ते त्याआधी उरका.

नकाशाचंही ऐका. ग्रेसमधून निघणारा सोनेरी झोत मुख्य कथेकडेच बोट दाखवतो, बाजूच्या क्वेस्टकडे नाही. अजून न उलगडलेल्या धूसर नकाशावर एक छोटी खांबासारखी खूण असते. त्या भागाच्या नकाशाचा तुकडा तिथेच मिळतो, म्हणून नव्या प्रदेशात आधी तिकडे जा. स्वतः लावायची चिन्हं १०० आणि लांबून दिसणारे प्रकाशखांब ५ मिळतात. एकच चिन्ह सगळीकडे वापरू नका. बंद दारासाठी एक, नंतर लढायच्या बॉससाठी दुसरं, व्यापाऱ्यासाठी तिसरं, असं ठरवून टाका.

प्रश्न : विचर ३ चा नकाशा प्रश्नचिन्हांनी भरलाय. सगळी साफ करायची का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. स्केलिगे बेटांच्या समुद्रातली तर मुळीच नाही. तिथे बहुतेक ठिकाणी तस्करांनी बुडवलेला माल असतो आणि होडीने फिरून कंटाळा येतो. डिसेंबर २०२२ च्या ४.० अपडेटपासून नकाशाचा ‘डिफॉल्ट’ फिल्टर प्रश्नचिन्हं लपवतो, तोच ठेवा. मिनीमॅपही लढाई किंवा विचर सेन्सेस (खुणा शोधायची खास नजर) चालू नसताना आपोआप लपेल असा पर्याय त्याच अपडेटमध्ये आला. आणि घोडा रस्त्यावर घ्या, धावण्याचं बटण धरा, दिशेची कळ सोडा. रोच, म्हणजे तुमचा घोडा, स्वतः रस्ता धरून पळतो आणि तुमची मान आजूबाजूला बघायला मोकळी होते.

प्रश्न : माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी वाचता येतं, पण पात्रं भराभर बोलतात आणि सबटायटल निघून जातं. मार्कर बंद केला तर मला काहीच कळणार नाही अशी भीती वाटते.
— एक वाचक, परभणी

उत्तर : तुम्ही मॉरोविंड (२००२) खेळून बघा, असं आम्ही मुद्दाम सुचवतो. जुना असला तरी त्यात संभाषण जवळजवळ सगळं लेखी आहे. तुम्ही पुढे क्लिक करेपर्यंत ते हलत नाही आणि वेगळ्या रंगातला शब्द निवडला की त्याच विषयावर आणखी विचारता येतं. मार्कर नाहीच, त्यामुळे पात्रं वाट तपशिलाने सांगतात आणि ती जर्नलमध्ये उतरते.

सुरुवात सेडा नीनमध्ये होते. तुम्हाला बालमोरात केयस कोसेडसकडे एक पुडकं पोहोचवायचं असतं. गावाबाहेर उभ्या असलेल्या सिल्ट स्ट्रायडरवर, म्हणजे त्या उंच पायांच्या प्रचंड किड्यावर, पैसे देऊन बसा आणि बालमोरा गाठा. तिथे साउथ वॉल कॉर्नरक्लबमध्ये केयसची चौकशी करा. दार सापडत नसेल तर स्थानिक नकाशावर दाराच्या चौकोनी खुणेवर कर्सर न्या, आतल्या जागेचं नाव दिसेल.

थोड्याच वेळात आर्कन्गथांड या ड्वेमर, म्हणजे लुप्त झालेल्या एका जमातीच्या, अवशेषातून कोड्याची पेटी आणायचं काम मिळतं. मूनमूथ किल्ल्याच्या पुढे जुना ड्वेमर पूल लागतो, तो ओलांडला की अवशेष. दार ढकलून उघडत नाही. जवळच्या पाइपवर एक फिरवायचं चाक आहे, ते फिरवावं लागतं, आणि हे वाट सांगताना सांगितलेलं असतं. पेटी आतल्या एका खोलीत फळीवर ठेवली आहे. ती लहान आहे, फळ्या एकेक करून बघा.

या खेळात नव्या माणसाचं जास्त करून बिघडतं ते पळण्यामुळे. पळताना दमाची हिरवी पट्टी संपते आणि ती रिकामी असताना तलवारीचे वार चुकत जातात. शत्रू दिसण्याआधी चालायला लागा.

स्कायरिमसारख्या बोलक्या खेळात डायलॉग आणि जनरल अशी दोन्ही सबटायटल्स चालू करा. कुणी जागेचं नाव घेतलं की लगेच स्क्रीनशॉट घ्या, स्टीमवर त्यासाठी एफ१२ आहे. वाक्य पूर्ण कळलं नाही तरी दिशा, पूल, नदी, फाटा, किल्ला एवढे शब्द पकडले की काम भागतं.

प्रश्न : रोज तासभरच वेळ मिळतो. फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) बंद केलं तर सगळा तास चालण्यातच जातो. सर्व्हायव्हल मोड लावला तर थंडीनेच मेलो. मधला मार्ग आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे. नकाशावरून कुठूनही कुठे उडी मारणं बंद करा, पण जगात जी वाहनं दिली आहेत ती खुशाल वापरा. स्कायरिममध्ये व्हाइटरन, सॉलिट्यूड, विंडहेल्म, रिफ्टन आणि मार्कार्थ या पाच शहरांच्या तबेल्यांजवळ घोडागाडी असते. मोठ्या शहराचं भाडं २० नाणी, लहान गावाचं ५०. मॉरोविंडमध्ये स्ट्रायडर, होड्या आणि मेजेस गिल्डमधून (जादूगारांच्या संघातून) गिल्डमध्ये पाठवणारे मार्गदर्शक आहेत. ‘मार्क’ मंत्राने जागा खुणावून ‘रिकॉल’ने परत येता येतं. मात्र खूण एकच राहते, नवी केली की जुनी पुसते.

स्कायरिमच्या सर्व्हायव्हल मोडमध्ये नकाशावरची उडी बंदच होते, गाडी मात्र चालते. त्यात भूक तुमचा दम, थकवा मॅजिका आणि थंडी थेट आरोग्य खाते, म्हणून सगळ्यात आधी थंडीचा बंदोबस्त करा. चिलखताचा आकडा बघून कपडे निवडू नका, ऊब किती ते बघा. केसाळ कातड्याची वस्त्रं चांगली. पाण्यात उतरू नका. हातात मशाल धरा, सोबत गरम सूप ठेवा आणि उत्तरेकडची कामं उबदार कपडे मिळाल्यावरच घ्या. लेव्हल झोपल्याशिवाय वाढत नाही, तेव्हा तास संपत आला की जवळच्या गावातली खानावळ गाठा, १० नाण्यांत खोली घ्या, झोपा आणि तिथेच सेव्ह करा. दुसऱ्या दिवशी खेळ गावातून सुरू होईल आणि खानावळवाल्याला अफवा विचारून पुढचं काम तिथेच मिळेल.