आधी ऑर्गन कुठला ते बघ

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला. मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराच्या ‘ला नातिव्हिते’ या ऑर्गनसाठीच्या रचनेची सहा रेकॉर्डिंग्ज, प्रत्येकाला स्टार, आणि प्रश्न काय तर बेस्ट कुठलं. सहापैकी एकही शेवटपर्यंत ऐकलं नाहीस, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

वाजवणारा कोण ते नंतर, आधी ऑर्गन कुठला ते बघ. हा आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन नव्हे, की प्रयोग संपला, टेम्पोत टाकला, पुढच्या गावी नेला. हजारो पाइप एकाच जागी उभे असतात आणि चर्चचा दगड, उंची, घुमारा हे सगळं त्या वाद्यातच आलं. मेसियाँ 1931 पासून थेट 1992 पर्यंत पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चमधल्या एकाच ऑर्गनवर, कावाये-कोल या कारागिराने बांधलेल्या, वाजवायला बसला, आणि 1956 साली त्याच ऑर्गनवर त्याने स्वतःच्या रचना रेकॉर्ड केल्या. मोनो आहे, खरखर आहे, मध्येच सूर हलल्यासारखे वाटतात. तो सेट माझ्याकडे होता गं. खरखरीला वैतागून मी तो देऊन टाकला आणि चकचकीत डिजिटल सीडी आणली, ऑर्गन कुठला हे कव्हरवर वाचलंसुद्धा नाही. पुढे कळलं की साठच्या दशकात त्रिनितेच्या ऑर्गनमध्ये बरेच बदल झाले, म्हणजे 1956 चा आवाज आता त्या टेपवरच उरलाय. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून तुला इतकं टोचतोय, राग मानू नकोस.

तुर्नमीर या दुसऱ्या फ्रेंच ऑर्गनवादकाचंही तेच. पॅरिसच्याच सेंत क्लोतील्द चर्चमध्ये त्याने 1930-31 ला आयत्या वेळी सुचेल तसं वाजवलं, ते तबकड्यांवर राहिलं म्हणून द्युरुफ्ले या ऑर्गनवादकाला नंतर ऐकून ऐकून लिहून काढता आलं. अशी रेकॉर्डिंग्ज तू ‘साउंड क्वालिटी’ म्हणून दोन स्टार देऊन बाजूला टाकतेस? ऑर्गन कुठला ते बघ ना आधी!

नातिव्हिते सध्या राहू दे. 1956 च्याच सेटमधलं ‘ल बाँके सेलेस्त’ लाव, मेसियाँने विशीच्या आत लिहिलेलं. अतिशय संथ आहे, घाई करू नकोस. थोड्या वेळाने पायाने वाजवायचे सूर येतात, एरवी तिथे घुमणारा खर्ज असतो, इथे मात्र उंच, तुटक, पाण्याच्या थेंबासारखे, नोटेशनमध्येच तसं लिहिलंय. एक थेंब पडला की तो चर्चमध्ये कुठपर्यंत जातो तेवढं ऐक. फोन लांब ठेव, आणि स्टार नको देऊस.