शंका-समाधान : फडफडणाऱ्या पट्टीची वीज

प्रश्न : चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या आम्ही नेहमी पाहतो. पाती न फिरवता, पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबल्या-वाकवल्यावर वीज निर्माण करणाऱ्या पदार्थाच्या पट्ट्या वाऱ्यात नुसत्या फडफडू दिल्या तरी वीज मिळते, असे वाचनात आले. गच्चीच्या कठड्याला अशा पट्ट्या लावून घरातले दिवे चालवता येतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वीज मिळते हे खरे, पण तिच्यावर घरातला एकही दिवा चालणार नाही.

आपल्या स्वयंपाकघरातला गॅस-लायटर हाताशी असेल, तर तो एकदा दाबून पाहावा. ‘टक्’ असा आवाज होतो तेव्हा आतली स्प्रिंगवरची हातोडी पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकच्या तुकड्यावर आदळते आणि टोकाशी ठिणगी उडते. हवेतून ठिणगी उडायला दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, म्हणजे दाब अर्थात व्होल्टेज इथे भरपूर आहे. मात्र विद्युतभार इतका थोडा असतो की ठिणगी क्षणात संपते. दाबल्यावर स्फटिकाच्या पृष्ठभागांवर भार निर्माण होतो, हा गुणधर्म झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये क्वार्ट्‌झ, टूर्मलीन इत्यादी स्फटिकांत दाखवून दिला. लायटरचा खटका तसाच दाबून धरला, तरी दुसरी ठिणगी उडत नाही, हेही लक्षात घ्यावे. भार निर्माण होतो तो ताण बदलताना.

वाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. एकसारखा वाहणारा वारा पट्टीला एकदा वाकवील आणि तशीच वाकलेली ठेवील. तिने सतत मागे-पुढे हलावे यासाठी काही युक्ती करावी लागते. एक युक्ती अशी, की पट्टीच्या पुढे एक गोल नळी उभी करायची. नळीला वळसा घालून जाणारी हवा तिच्यामागे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला भोवरे सोडते आणि ते पट्टीला हलवतात. नळी २ सेंटिमीटर जाडीची आणि वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर असेल, तर हे हेलकावे सेकंदाला सुमारे ५० होतात. दुसरी युक्ती पिंपळाची आहे. लांब, लवचीक देठामुळे त्याचे पान इतर झाडे स्तब्ध असतानाही सळसळते. तसेच लवचीक प्लास्टिकच्या पिझो-पट्टीचा देठ करून त्याला पान जोडण्याचे प्रयोग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झाले आहेत.

पट्टीची स्वतःची वारंवारिता आणि भोवऱ्यांची वारंवारिता जुळली, तरच अनुस्पंदन होऊन पट्टी जोराने हलते. वारा ५ मीटरवरून ३ मीटरवर आला, की वरच्या उदाहरणातले हेलकावे ५० वरून ३० वर येतात आणि ५० साठी जुळवलेली पट्टी जेमतेम थरथरते. आपल्या गच्चीवरचा वारा मिनिटभर तरी एका वेगाने वाहतो का, ते आपणच पाहावे.

आता हिशेब. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरमागे सुमारे ७५ वॉट शक्ती असते. १० सेंटिमीटर लांब-रुंद जागेच्या वाट्याला पाऊण वॉट येते. त्यातून पिझो-पट्टीच्या हाती सहसा मिलिवॉट किंवा त्याहूनही कमी लागते. उदारपणे एका पट्टीला १ मिलिवॉट धरला, तरी ९ वॉटच्या एका एलईडी बल्बला ९,००० पट्ट्या लागतील. वाऱ्याचीच वीज हवी असेल, तर लहान पवनचक्की कितीतरी सरस ठरते.

मग या पट्ट्यांचा उपयोग कुठे? जिथे वायर नेणे आणि बॅटरी बदलणे दोन्ही जिकिरीचे असते, अशा ठिकाणच्या संवेदकांसाठी (सेन्सरसाठी) : पुलाच्या पोटाशी, वातानुकूलनाच्या अंधाऱ्या डक्टमध्ये. समजा, एका वेळची नोंद रेडिओने पाठवायला १० मिलिज्यूल लागतात, पट्टीने ०.१ मिलिवॉट दिला, तर तेवढी ऊर्जा १०० सेकंदांत साठते. हातभर डक्टमध्ये बसणाऱ्या चिमुकल्या पवनचक्कीचे बेअरिंग घर्षणात बरेच काही खाते. पट्टीला बेअरिंगच नसते. मात्र वारंवार वाकून सिरॅमिकला तडे जातात, हा तिचा दोष अजून पुरता सुटलेला नाही.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे दाखवता येईल का?
— एक विद्यार्थिनी, नववी

उत्तर : जरूर. बझरमध्ये असते ती पितळी पिझो-चकती तारा जोडलेलीच घ्यावी. प्लास्टिकची पट्टी टेबलाला घट्ट आवळून, आवळलेल्या टोकाजवळ चकती चिकटवावी, कारण पट्टी तिथेच सर्वांत जास्त वाकते. दोन्ही तारा चार डायोडच्या ब्रिजमधून, म्हणजे उलटसुलट येणारी वीज एकाच दिशेला वळवणाऱ्या जोडणीतून, भार साठवणाऱ्या १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला जोडाव्यात. आधी बोटाने टिचक्या मारून मल्टिमीटरवर व्होल्टेज चढताना पाहावे. ३ व्होल्टच्या पुढे गेले, की लाल एलईडी जोडून त्याची चमक दाखवावी. त्यानंतर पट्टीच्या मोकळ्या टोकाला पुठ्ठ्याचे पान लावून टेबल-फॅन सुरू करावा आणि पान कोणत्या कोनात ठेवले असता सर्वांत जास्त फडफडते, ते तूच शोधावेस.